लॅपटॉपचं टेबल लावताय? आधी पाट आणा, मॉनिटर नंतर!



परवाच्या व्हिडिओत माझं कामाचं टेबल दिसलं, तर अनेकांना त्याची मापं हवी आहेत. मापं देतोच. पण आधी एक कबुली. हे टेबल मी हौसेनं लावलेलं नाही, एका कप चहानं लावायला लावलंय.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका ग्राहकाचं बारा पानी माहितीपत्रक तयार होतं, सकाळी छापायला जायचं होतं. रात्री कोपर लागलं आणि अख्खा चहा कीबोर्डवर. लॅपटॉप गेला. बॅकअप होता ना, पेन ड्राइव्हमध्ये! आणि तो पेन ड्राइव्ह त्याच लॅपटॉपला लावलेला होता, चहाच्याच बाजूनं. दोन्ही एकदम गेले. ग्राहकही गेला, आणि त्याला दोष देता येत नाही.

तेव्हापासून माझ्याकडे चहा टेबलावर येत नाही. शेजारी एक बुटका स्टूल आहे, टेबलापेक्षा चांगला फूटभर खाली. कप तिथे. सांडला तरी चहा खालीच जाणार, वर नाही. फुकटातली युक्ती आहे, आजच करा.

आता मापं. लॅपटॉपची मूळ अडचण अशी की स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले आहेत. हात नीट ठेवले तर मान वाकते, मान सरळ ठेवली तर हात वर जातात. प्रवासात चालतं. पण दिवसाचे आठ तास डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग किंवा कोडिंग करायचं असेल तर दोन्ही वेगळे करावेच लागतात. साधा वायरचा कीबोर्ड-माउस हजाराच्या आत येतो. तो घ्या आणि लॅपटॉप उचला. स्टँड नसेल तर घरातला लाकडी पाट आणि खाली दोन जाड पुस्तकं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यावी, अंतर साधारण हात लांब केल्यावर बोटं टेकतील इतकं. लॅपटॉपच्या खालच्या जाळ्या मात्र झाकू नका, गरम हवा तिथूनच खेळते. पाटावर शोभेचं कापड तर अजिबात नको.

टेबल स्वतः? बाजारातलं टेबल साधारण 29 ते 30 इंच उंच असतं. बुटक्या माणसाला ते उंच पडतं, खांदे वर चढतात आणि संध्याकाळी मानेत कळ. सुतारानं करून देणार असाल तर आधी खुर्चीवर बसा, कोपर काटकोनात ठेवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्या. टेबल त्या उंचीचं. तयार टेबल असेल तर खुर्ची वर घ्या आणि पाय लोंबत असतील तर पायाखाली दुसरा पाट. (पाटाचा धंदा नाही हो माझा!) खोली किमान दोन फूट हवी, कारण लॅपटॉप मागे सरकला की पुढे कीबोर्ड आणि वही दोन्ही मावायला हवेत.

खिडकी समोरही नको, पाठीमागेही नको. समोर असली की डोळे दिपतात, मागे असली की स्क्रीनवर तिचंच प्रतिबिंब. टेबल असं फिरवा की उजेड बाजूनं येईल.

रंगाचं काम करणाऱ्यांनी इथे जरा थांबा. लेबल, लग्नपत्रिका, पॅकिंग यांचे रंग रात्री ठरवताना लॅपटॉपचा नाइट लाइट बंद आहे का बघा. तो स्क्रीन पिवळट करतो. त्यात छान दिसलेला केशरी छापून आल्यावर वेगळाच निघतो आणि मग प्रेसवाल्याशी भांडण. चूक प्रेसची नसते. छापील नमुनासुद्धा दिवसाच्या उजेडात तपासा. पिवळ्या दिव्याखाली नको.

सोल्डरिंग, रिपेअरिंगवाल्यांना एवढंच सांगतो, लॅपटॉपच्या टेबलावर तो उद्योग नको. तारांचे बारीक तुकडे कीबोर्डात गेले की शॉर्ट होऊ शकतं. वेगळी फळी, कडेला असली तरी चालेल.

वायरींचं जंगल सोपं आहे. एक्स्टेन्शन बोर्ड टेबलाच्या खालच्या बाजूला स्क्रूनं बसवा, वायरी केबल टायनं पायाला बांधा. प्रत्येक चार्जरच्या टोकाला मेडिकलमधली पांढरी चिकटपट्टी लावून नाव लिहा. हसू नका! रोज दहा मिनिटं चार्जर आणि फाइल शोधण्यात गेली तर महिन्याच्या 25 दिवसांत चार तासांहून जास्त वेळ जातो. तेवढ्यात एक लहान काम होतं, ज्याचं बिल लावता येतं.

लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? मग बहुतेक अर्थिंगकडे बघायला हवं. तीन पिनच्या चार्जरची तिसरी पिन काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. असं करू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा. आणि पावसाळ्यात लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो. ऐन ऑनलाइन मीटिंगमध्ये. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, घेताना राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेला व्होल्ट-अँपिअरचा आकडा जुळवून घ्या.

बॅकअपचा नियम 3-2-1: फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. माझं असं आहे: एक लॅपटॉपमध्ये, एक एक्स्टर्नल ड्राइव्हवर, एक क्लाउडवर. काम संपलं की ड्राइव्ह काढून कपाटात. लावलेला ठेवायचा नाही, कारण वर सांगितलंच आहे.

दुसरा मॉनिटर कधी घ्यायचा? 24 इंची फुल एचडी साधारण आठ-दहा हजारांत येतो. रंगाचं काम असेल तर आयपीएस पॅनल बघा. पण कीबोर्ड, बॅकअप ड्राइव्ह आणि बरी खुर्ची झाल्याशिवाय नको. जीएसटी नोंदणी असेल तर खरेदी करतानाच बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकून घ्या. दुकानातून बाहेर पडल्यावर बिल बदलून घेणं म्हणजे दोन चकरा नक्की.

टेप घेऊन कोपराचं माप आजच लिहून ठेवा. पुढच्या व्हिडिओत खुर्चीबद्दल बोलणार आहे, तेव्हा तो आकडा लागेल.