मध्यस्थाचे इमान

एका बालरोगतज्ज्ञाने घरांच्या दलालीविषयी लिहावे, याचे सुज्ञ वाचकांना कदाचित नवल वाटेल. परंतु मुलाचे आरोग्य आणि त्याचे घर या दोन गोष्टी निराळ्या काढता येत नाहीत, हे आपण सारे वैद्यकीय व्यावसायिक जाणतो. ओल धरलेली भिंत, खिडकी नसलेली खोली आणि वारंवार दम लागणारे मूल यांचा संबंध आम्हांला रोज दिसतो. अशा वेळी आम्ही सहज म्हणून जातो, “जमल्यास घर बदला.” या एका वाक्याची किंमत केवढी असू शकते, हे मला एका प्रसंगाने शिकवले.

काही वर्षांपूर्वी खानदेशातून सुरतेस आलेल्या एक ताई आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे येत असत. यजमान कापडाच्या गिरणीत कामाला. मुलाला दर पावसाळ्यात दम्याचा त्रास होई. मी घर बदलण्याचा सल्ला दिला. काही महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा लसीकरणाच्या कार्डाबरोबर पिशवीतून एक मुद्रांक कागदही निघाला. “डॉक्टरसाहेब, हे गुजरातीत आहे. जरा वाचून सांगता का?” मी वाचले आणि सुन्न झालो. ते खरेदीखत नव्हतेच. नोटरीचा शिक्का मारलेला करार आणि कुलमुखत्यारपत्र, एवढाच तो ऐवज होता. घर गरिबांसाठीच्या सरकारी योजनेतील होते आणि नोंदीत नाव मूळ लाभार्थ्याचे होते. गावाकडची थोडी जमीन आणि अंगावरचे सोने विकून उभी केलेली रक्कम मात्र देऊन झाली होती.

“कागद न वाचता पैसे कसे दिलेत, ताई?” असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “दलालाचे कार्ड तुमच्याच दवाखान्यात होते ना! तो म्हणाला, डॉक्टरसाहेब आपलेच आहेत.”

ते खरे होते. त्या गृहस्थाने विनंती केली, म्हणून मीच त्याची कार्डे स्वागतकक्षात ठेवू दिली होती. मी एक पैसाही घेतला नव्हता. पण माझ्या नावावरचा विश्वास मात्र त्याला फुकट वापरू दिला होता. दलालास विचारले असता उत्तर आले, “मी तर फक्त ओळख करून दिली.” घर अखेर सोडावे लागले. पैसे पूर्ण परत आले नाहीत.

कोसाड २००६ मध्ये सुरत महानगरपालिकेत आले. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी नवनिर्माण योजनेतून येथे आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांसाठी मोठी आवास वसाहत उभी राहिली. अशी घरे ठरावीक लाभार्थ्याला अटींवर दिलेली असतात. ती बाजारातील मालाप्रमाणे हातोहात विकता येत नाहीत. केवळ कुलमुखत्यारपत्राने स्थावर मिळकतीची मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. हे सामान्य गिऱ्हाइकाला ठाऊक नसेल. दलालाला ठाऊक नाही, असे कसे म्हणावे?

म्हणूनच “फक्त ओळख करून दिली” हा बचाव मान्य होण्याजोगा नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्यानुसार प्रतिनिधीने आपले काम योग्य कौशल्याने व दक्षतेने करावयाचे असते. ज्याच्या वतीने तो काम करतो त्याच्या नकळत स्वतःच व्यवहार करून फायदा मिळवला, तर तो फायदा मागण्याचा हक्क त्या व्यक्तीला असतो.

पुढे २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजेच ‘रेरा’ आला. त्याच्या नवव्या कलमान्वये नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकून देणाऱ्या दलालाने स्वतःची नोंदणी करणे व प्रत्येक व्यवहारात तो क्रमांक नमूद करणे बंधनकारक आहे. दहावे कलम सांगते, की ज्या प्रकल्पाला नोंदणी आवश्यक आहे तो नोंदणीविना विकण्यास त्याने साहाय्य करू नये, हिशेब ठेवावेत, नसलेल्या मान्यतांचा दावा करू नये आणि नोंदणीच्या वेळी ग्राहकाला हक्काची सर्व माहिती व कागदपत्रे मिळवून द्यावीत. कसूर झाल्यास दिवसाला दहा हजार रुपये, एकूण घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, दंड होऊ शकतो. बिल्डरलाही नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. महाराष्ट्रात महारेराने २०२३ मध्ये दलालांसाठी प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची केली.

तथापि, हा कायदा प्रामुख्याने नव्या प्रकल्पांचा आहे. जुन्या घराच्या पुनर्विक्रीत आणि आमच्या ताईंच्या व्यवहारासारख्या प्रकारांत त्याचे कवच फारसे पुरत नाही. तेथे उरते ते मध्यस्थाचे इमान. चांगला दलाल आपण कोणाकडून किती दलाली घेणार, हे आधीच सांगतो. दोन्हीकडून घेणार असल्यास तेही सांगतो. २००६ च्या पुरात तापीचे पाणी त्या इमारतीत कुठवर आले होते, हे लपवत नाही. बांधकाम वापर परवानगी, कर्जाचा बोजा, जमिनीचे कागद दाखवतो आणि “वकिलाला दाखवून मगच विसार द्या” असे स्वतःहून म्हणतो. असे सचोटीचे लोकही या व्यवसायात आहेत आणि खोट्या सहकाऱ्यांचा फटका त्यांनाही बसतो.

दलालांना उपदेश करताना मात्र आपण आरशात पाहिले पाहिजे. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देऊ वा घेऊ नये, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटले आहे. तरीही ‘कट प्रॅक्टिस’ हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. “मी फक्त चिठ्ठी दिली” आणि “मी फक्त ओळख करून दिली” ही एकाच वृत्तीची दोन वाक्ये आहेत. रुग्ण काय अन् घर घेणारा काय, दोघेही आपल्याला न कळणाऱ्या विषयात दुसऱ्याच्या शब्दावर विसंबतात. ज्याला अधिक कळते, त्याची जबाबदारी अधिक.

त्या दिवसापासून माझ्या स्वागतकक्षात लसीकरणाच्या तक्त्याखेरीज कशाचीही जाहिरात नाही. आपल्या मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. महिन्यातून एक सायंकाळ एखाद्या जाणकार वकिलासह आपण बसावे आणि गुजराती न वाचता येणाऱ्या आपल्या बांधवांचे घराचे कागद, पैसे देण्यापूर्वी, वाचून द्यावेत. त्या ताई आजही मुलाला घेऊन माझ्याकडेच येतात. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. त्यामुळेच हे लिहिणे मला टाळता आले नाही.