केप्लर : आत्म्याच्या जागी बल

समभुज त्रिकोणाचे परिवर्तुळ आणि अंतर्वर्तुळ आपण फळ्यावर अनेकदा काढतो. जुलै १५९५ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राट्सच्या शाळेत गणिताचा एक तरुण शिक्षक गुरू-शनीच्या युती समजावून देताना जवळजवळ अशीच आकृती काढत होता. या दोन वर्तुळांचे प्रमाण शनी व गुरू यांच्या कक्षांच्या प्रमाणाजवळ जाते, हे त्याला अचानक जाणवले. शिक्षकाचे नाव योहानेस केप्लर.

केप्लर मूळचा धर्मोपदेशक व्हायला निघालेला विद्यार्थी. ईश्वराने विश्व भूमितीनुसारच रचले असणार, ही त्याची श्रद्धा. तेव्हा ग्रह सहाच माहीत होते, म्हणजे मधल्या जागा पाच. आणि सुसम घनाकृतीही नेमक्या पाचच! शनी व गुरू यांच्यामध्ये घन, गुरू व मंगळ यांच्यामध्ये चतुष्फलक, अशी मांडणी त्याने १५९६ च्या पुस्तकात केली. कल्पना देखणी होती, पण चुकीची.

त्याच पुस्तकात आणखी एक कल्पना होती. ख्रिस्ती धर्मातील त्रैक्य त्याला विश्वात दिसे : सूर्य हा पिता, ताऱ्यांचा गोल हा पुत्र, मधले अवकाश हा पवित्र आत्मा. मग ग्रहांना चालवणारा 'आत्मा'ही सूर्यातच असला पाहिजे, आणि अंतराबरोबर त्याचा जोर ओसरत असला पाहिजे. म्हणून दूरचे ग्रह सावकाश फिरतात. कोपर्निकसने सूर्याला मध्यभागी आणले होते, पण ग्रह फिरवण्याचे काम त्याच्याकडे दिले नव्हते. ते केप्लरने दिले.

पुढे टायको ब्राहेची मंगळाची निरीक्षणे त्याच्या हाती आली. वर्तुळाकार कक्षेचे गणित त्यांच्याशी आठ कलांनी जुळेना. हात लांब करून आकाशासमोर धरलेली करंगळी सुमारे एक अंश, म्हणजे ६० कला झाकते. त्याचा हा सातवा-आठवा भाग. ब्राहेकडे तर दुर्बीणही नव्हती. दुसऱ्या कोणी एवढ्याकडे काणाडोळा केला असता. केप्लरचे म्हणणे असे, की असा निरीक्षक ही ईश्वराची देणगी आहे, ती नाकारता येणार नाही. म्हणजे स्वतःचे गणित मोडायलाही त्याला श्रद्धेनेच भाग पाडले! वर्गात लंबवर्तुळाचा नियम शिकवताना हा भाग आपण बहुधा गाळतो. तो नियम १६०९ मध्ये प्रसिद्ध झाला.

१६२१ मध्ये जुन्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढताना केप्लरने एक टीप जोडली : 'आत्मा' या शब्दाच्या जागी 'बल' घालावे. अंतराबरोबर प्रकाशासारखे क्षीण होणारे काही भौतिकच असणार, असा त्याचा तर्क होता. पाच घनाकृती मात्र त्याने सोडल्या नाहीत. १७८१ मध्ये सातवा ग्रह, युरेनस, सापडला, तेव्हा त्याला जाऊन दीडशे वर्षे झाली होती.