आतल्या खोलीत वायफाय येत नाही?

घर बंगळुरूत, नातेवाईक गावाकडे. संध्याकाळी आजी व्हिडिओ कॉल लावते आणि नेमका तिच्याच खोलीत समोरचा चेहरा थिजतो! लगेच नवा राउटर मागवू नका. आधी जुना कुठे बसवलाय ते बघा.

बहुतेक घरांत तो दाराजवळच असतो, कारण फायबरची वायर तिथून आत येते. त्यात इथल्या नव्या टॉवर्समध्ये अनेकदा आतल्या भिंतीही विटांच्या नसून काँक्रीटच्या असतात. अशा दोन भिंती ओलांडताना सिग्नलला धाप लागते. टीव्हीमागे, लोखंडी कपाटाजवळ किंवा फिश टँकशेजारी राउटर असेल तर विचारूच नका. तो घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर हवा. वायर पुरत नसेल तर लांब टाकून घ्या.

लांबच्या खोलीत फोन २.४ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरा, पण भिंतींपुढे लवकर हरतो. (२.४ वर मायक्रोवेव्हही लुडबुड करतो, म्हणून कॉल चालू असताना भाजी गॅसवरच गरम करा.)

तरीही भागलं नाही तर रिपीटर घ्या. पण बरेच जण तो रेंज नसलेल्या खोलीतच लावतात. त्यालाच सिग्नल मिळाला नाही तर तो पुढे काय पाठवणार? अर्ध्या वाटेवर, पॅसेजमध्ये लावा. स्वस्त रिपीटरवर वेग निम्म्यापर्यंत घसरू शकतो. आजीच्या गप्पांना तेवढा पुरतो. ऑफिसचं काम त्याच खोलीतून करायचं असेल, तर मात्र सरळ लॅन केबल ओढा. ती १०० मीटरपर्यंत चालते.