ड्रोन शिकताय? होडीतून उडवू नका

मये तलावाचा व्हिडिओ काढायला आम्ही ड्रोन पहिल्यांदाच हातात घेतला आणि थेट होडीतून उडवला. तीच चूक! बॅटरी उतरताच तो आपसूक परत निघाला, पण होडीकडे नाही. उडाला होता त्या जागी. होडी तोवर वाऱ्याने सरकलेली, खाली नुसतं पाणी. कसाबसा वळवून हातात पकडला. पाण्यावर खालचा सेन्सरही फसतो. आता काठावरूनच उडवतो, बॅटरी ४० टक्के झाली की परत. घारी फिरत असतील तर उडवतच नाही.

२०२१च्या नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. नोंदणी मात्र हवी, डिजिटल स्कायचा नकाशाही बघायचा. पेडणेकरांनी तर नक्कीच, मोपा विमानतळ तिथंच आहे.

शिकायचं असेल त्यांनी सकाळी, वारा पडलेला असताना काठावर या.