म्हातारपणीचा दवाखाना कोण ठरवतो?

रविवारची वंदना संपली की आमच्या वस्तीच्या विहारात वयस्कर मंडळी घटकाभर बसून राहतात. गुडघे, साखर, मोतीबिंदू असे विषय निघतात. मागे एकदा आम्ही मुद्दामच विचारले, "आजी, अंगात कणकण आली की आधी कुठे जाता?"

"कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं. सुई मारतो, दोन दिसांत उठून बसते."

"सिव्हिलला का नाही? तिथे पैसे लागत नाहीत."

"पैसे लागत न्हाईत लेकरा, पण दिवस लागतो. आन् या खिडकीतून त्या खिडकीत कोण पळणार? मला वाचता येतंय होय?"

शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "हा डॉक्टर उधारी ठेवतो. नाव घेऊन बोलतो. मोठ्या दवाखान्यात कोण वर मान करून बघत नाही."

आम्ही घरी येऊन यावर बराच विचार केला. या उत्तरांत अडाणीपणा नाही. जवळचा, ओळखीचा, लवकर मोकळे करणारा, उधार देणारा डॉक्टर निवडणे हा सरळ हिशेब आहे. असा हिशेब एकट्या आमच्या वस्तीचाही नाही. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या नमुना पाहणीत उपचार घेतलेल्या दर १०० दुखण्यांपैकी सुमारे ३० दुखणीच सरकारी दवाखान्यात गेली होती.

बाबांनी मानाची गोष्ट काढली, तीही लहान नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे १९२९ सालचे पत्र दिले आहे. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. शेवटी तिला वस्तीबाहेर आणायला लावले आणि थर्मामीटर दुसऱ्याच्या हातून दिला. बाई दगावली. ज्या समाजाने हे भोगले, त्याच्या म्हाताऱ्या माणसाला हात धरून नाडी बघणारा डॉक्टर आपला वाटला, तर त्यात नवल काय?

पण हा हिशेब ताप-खोकल्यापुरताच बरोबर येतो. साखर आणि ब्लडप्रेशर हे दुखणे सुरुवातीला दुखतच नाही. त्याला सुई लागत नाही. लागते ती वेळच्या वेळी तपासणी आणि रोजची गोळी.

आमच्या गल्लीतील एक आत्या थकवा आला की जवळच्या दवाखान्यात जाऊन सुई घेत. तीन वर्षे हेच चालले. साखर तपासा असे त्यांना कोणी सांगितले नाही. साखरेने पायाची संवेदना कमी होते, त्यामुळे चप्पल चावलेली जखम त्यांना कळलीच नाही. पाय काळा पडल्यावर मोठ्या दवाखान्यात नेले, तेव्हा अंगठा आणि दोन बोटे काढावी लागली. आम्ही त्यांच्यापासून दोन घरे पलीकडे राहतो. समाजकार्य करतो म्हणून मिरवतो. पण "आत्या, साखर कधी तपासली?" हे तीन वर्षांत आम्ही एकदाही विचारले नाही. ही खंत आम्हाला जन्मभर राहील.

म्हणून घरातील कर्त्या मुला-सुनांनी काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात.

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेचे ५ लाखांचे कार्ड मिळते. ते जरूर काढावे. मात्र ते दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. महिन्याची तपासणी आणि गोळ्या त्यात बसत नाहीत. कार्ड आले म्हणजे काळजी मिटली, असे समजू नये.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वृद्धांची वेगळी ओपीडी ठरवून दिलेली आहे. ती कोठे व केव्हा असते, हे खिडकीवर धीटपणे विचारावे. खेड्यातून यायचे असेल, तर ७५ वर्षांवरील व्यक्तींना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट पडते.

कारखान्यातून वयोमानाने निवृत्त झालेल्यांनी ईएसआयचा हक्क सोडू नये. किमान ५ वर्षे विमा कापला गेला असेल, तर वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नी दोघांना उपचार मिळण्याची तरतूद आहे. ज्या अडारकर अहवालावर ही योजना उभी राहिली, ते काम १९४३ साली सुरू झाले. त्या वेळी मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. आपल्या किती निवृत्त कामगारांना हे ठाऊक आहे?

तरीही खरी अडचण उरतेच. आजीला खिडक्या फिरवणार कोण? म्हातारे माणूस दवाखाना निवडते ते सोबत कोण येणार हे पाहून. सोबत कोणी नसेल, तर ते कोपऱ्यावरच जाणार.

जुलाबाने बेजार होऊन एकटा पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हाताने धुतले, ही कथा आपण सांगतो. त्या भिक्खूकडे इतरांनी लक्ष का दिले नाही, हा प्रश्नही भगवंतांनी विचारला होता. तो प्रश्न आज आपल्या वस्तीला लागू आहे.

आमच्या विहारात आता एक वही ठेवली आहे. साठीवरील प्रत्येकाचे नाव, मागची तपासणी कधी झाली आणि पुढच्या खेपेला सोबत कोण जाणार, एवढेच त्यात लिहितो. कॉलेजातील मुले-मुली पाळी लावून जातात. केसपेपर, रिपोर्ट, गोळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत ठेवतात. खर्च काही नाही, महिन्याची एक सकाळ जाते. वहीत पहिले नाव आत्यांचे आहे. त्यांना घेऊन जाण्याची पाळी आमची आहे.