साहेब बोलले आणि दुकान बसले

२३ एप्रिल १९९१. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हजारो उद्योजकांसमोर जेराल्ड रॅटनर भाषणाला उभे राहिले. ब्रिटनभर त्यांची स्वस्त दागिन्यांची शेकडो दुकाने होती. शेरीची सुरई, सहा पेले आणि ट्रे, सगळे मिळून ४.९५ पौंडांत कसे परवडते? माल अगदी टाकाऊ असतो म्हणून, असे ते म्हणाले. आपली काही कर्णफुले कोळंबीच्या सँडविचपेक्षा स्वस्त असतात आणि बहुधा तेवढीही टिकत नाहीत, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. सभागृह खदखदून हसले.

दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी हेच पहिल्या पानावर छापले.

माल कालचाच होता, किंमतही तीच. मग गिऱ्हाईक का फिरले? कर्णफुले विकत घेणारा धातूपेक्षा जास्त काहीतरी घेत असतो. ती बायकोला, आईला द्यायची असतात. त्या डबीत त्याची माया असते, पत असते. मालकानेच माल टाकाऊ ठरवल्यावर ती डबी कुणाच्या हाती द्यायची? शिवाय वाईट माहिती मनावर चांगल्यापेक्षा खोल ठसते, हे मानसशास्त्राने वारंवार दाखवले आहे. जाहिरातीवर ग्राहक थोडा अविश्वास ठेवूनच असतो. मालकाने स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष मात्र त्याला लगेच पटते.

कंपनीचे बाजारमूल्य सुमारे ५० कोटी पौंडांनी घसरले. मंदीचाही त्यात हात होता, पण दुकाने बंद पडली आणि त्या विनोदाशी काडीचाही संबंध नसलेल्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. नोव्हेंबर १९९२मध्ये रॅटनर पायउतार झाले. पुढच्याच वर्षी कंपनीने त्यांचे नाव पुसून ‘सिग्नेट’ हे नाव घेतले.