फोन तापला, भिजला, फुगला. दुकान कधी गाठायचे?

मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात दुचाकीच्या डिकीत राहिलेला फोन बाहेर काढला, की तो तापल्याचा इशारा देतो, चार्जिंग घेत नाही, कधी बंदच पडतो. फोन गेला म्हणून आपण दुकान गाठतो. खरे तर तो बिघडलेला नसतो, स्वतःला वाचवत असतो. आयफोनसाठी कंपनीनेच वापराचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगितले आहे. आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो! अशा वेळी कव्हर काढून फोन सावलीत ठेवावा आणि पूर्ण निवल्यावरच चार्जिंगला लावावा. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये. आत दव धरते आणि नसलेला बिघाड होतो.

गडचिरोलीत तक्रार वेगळी. भामरागड, एटापल्लीच्या बाजूला गेले की बॅटरी दुपारीच संपते. टॉवर दूर असला, की फोन त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी जास्त जोर लावतो आणि सतत नेटवर्क शोधत राहतो. रेंज नसलेल्या वाटेवर एअरप्लेन मोड लावला तर बरीच बॅटरी वाचते. (तेवढा वेळ फोन लागणार नाही, हे घरी सांगून ठेवावे.) चांगल्या रेंजमध्येही बॅटरी तशीच उतरत असेल, किंवा ३० टक्के दाखवत असताना फोन अचानक बंद पडत असेल, तर बॅटरी म्हातारी झाली. ती बदलावी, नवा फोन घेण्याची गरज नाही.

चार्जिंग होत नसेल तर आधी दुसरी केबल, दुसरा चार्जर लावून पाहावा. घुग्घूस, बल्लारपूरसारख्या कोळशाच्या पट्ट्यात चार्जिंगच्या खाचेत धूळ ठासलेली असते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने ती अलगद काढावी; सुई, टाचणी नको.

पावसात भिजलेला फोन लगेच बंद करावा, सिम काढावे, पुसून पंख्याखाली ठेवावा आणि चार्जरपासून दूर ठेवावा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने फायदा नाही, उलट कण आत शिरतात. एक-दोन दिवसांनीही सुरू झाला नाही तर दुकान गाठावे. सुरू झाला तरी फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून घ्यावेत, कारण आतला गंज सावकाश चढतो.

एका बाबतीत मात्र घरगुती उपाय चालत नाही, ते म्हणजे फुगलेली बॅटरी. मागचे झाकण उचलले जाते, स्क्रीन कडेने सुटते, टेबलावर ठेवलेला फोन डुगडुगतो. आतल्या रसायनांचे विघटन होऊन वायू साचलेला असतो. दाबली किंवा टोचली तर बॅटरी पेट घेऊ शकते आणि धूरही विषारी असतो. असा फोन चार्जिंगला लावू नये, उशाशी ठेवू नये. बंद करून फरशीवर, कपडे-कागदांपासून दूर ठेवावा आणि दाबला जाणार नाही असा दुकानात न्यावा. जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नये. भाजलेच तर २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे, टूथपेस्ट लावू नये, दवाखाना गाठावा.

दुरुस्तीला देताना सिम काढून घ्यावे, यूपीआयचा पिन कोणालाही सांगू नये. पुरात पर्लकोटेचा पूल बुडाला, की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि दुकानात दिलेला फोन तिकडेच अडकतो. आशाताई, शेजारी, गाडीवाला यांचे नंबर त्याआधीच वहीत लिहून घ्यावेत. रुग्णवाहिकेचा १०८ दुसऱ्या कोणाच्याही फोनवरून लागतो.